जांभळ्या घोसांची वेल, आपली काळी माती आणि पिवळी पडणारी पानं

फेब्रुवारी लागला की आमच्या रोपवाटिकेत येणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये एकच फोटो असतो. जपानमधला जांभळ्या फुलांचा मांडव, वरून हातभर लांबीचे घोस लोंबताहेत, खालून माणसं चालताहेत. "ताई, हीच वेल पाहिजे." ती विस्टेरिया. परभणीत, लातुरात, नांदेडात ती लावली तर फुलेल का, याचं सरळ उत्तर नाही असं आहे. रोप एखादवेळी जगेल, पानंही फुटतील, पण फुलांची आशा धरू नका. मी ती विकत नाही आणि ऑनलाईन बी मागवायला निघालेल्यांना दरवेळी थांबवते.

कारण साधं आहे. विस्टेरिया मूळची चीन, जपान आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली. हिवाळ्यात सगळी पानं गाळून ती गाढ झोपते. ती थंडी सलग काही आठवडे नीट मिळाली तर वसंतात फुलते. आपल्या परभणीचा पारा एखाद्या पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो खरा, पण त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीसवर जातो. वेलीला झोप लागतच नाही. पुढं एप्रिल-मेमधले ४२ ते ४४ अंश आणि चुनखडीची जमीन. तिला लागते ओल धरणारी, भुसभुशीत, थोडी आंबट किंवा उदासीन माती. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूला. बियांपासून केलेली विस्टेरिया तर तिच्या स्वतःच्या थंड मुलखातही फुलायला दहा-पंधरा वर्षं घेते, कधी त्याहून जास्त. आणि तिच्या शेंगा नि बिया विषारी असतात. लेकरांनी चघळल्या तर उलट्या, पोटदुखी ठरलेली.

मोबाईलमधला तो फोटो बहुतेक वेळा अशिकागा फ्लॉवर पार्कचा असतो. तिथली मोठी वेल दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि १९९६ मध्ये ती मूळ जागेवरून उचलून या बागेत आणून लावली. एका वेलीमागं एवढी वर्षं, एवढी माणसं आणि तशी हवा आहे. आपल्या अंगणात जांभळा मांडव करायचा तर आपल्या उन्हाला मानणारी वेल घ्यावी लागेल, आणि अशी वेल आहे.

जिची लेक परदेशात आहे तिच्यासाठी

आधी विस्टेरियाचंच थोडं सांगते, कारण हा प्रश्न मला फोनवर खूप येतो. लेक इंग्लंडला किंवा अमेरिकेला, घराच्या भिंतीवर विस्टेरिया चढलेली, पानांनी भरगच्च, पण फूल नाही. तिथं चार गोष्टी बघायच्या.

पहिली, रोप कलमी आहे की बियांचं. बियांचं असेल तर वाट बघणं आलं. कलमी असेल तर कलमाच्या जोडाखालून फुटणारे धुमारे काढत राहायचे, नाहीतर खालचं जंगली खोडच वेल होऊन बसतं. दुसरी, ऊन. दिवसाचं सहा तास थेट ऊन नसेल तर ती पानांवरच समाधान मानते. तिसरी, खत. विस्टेरिया आपल्या तुरीसारखी शेंगवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवते. शेजारच्या हिरवळीला टाकलेलं नत्रयुक्त खत तिच्या मुळांपर्यंत गेलं की नुसती पानं माजतात.

चौथी आणि सगळ्यात मोठी गोष्ट छाटणी, आणि ती वर्षातून दोनदा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वर्षीचे लांबलचक शेंडे पाच-सहा पानांवर कापायचे. मग जानेवारी-फेब्रुवारीत, पानं गळालेली असताना, त्याच फांद्या आणखी आखूड करून दोन-तीन डोळ्यांवर (कोंब फुटायच्या जागांवर) आणायच्या. कळ्या या आखूड फांद्यांवर येतात, त्या जाड आणि गुबगुबीत दिसतात. पानांचे डोळे बारीक आणि टोकदार. हा फरक एकदा नीट बघितला की कात्री चुकत नाही. छाटणी बरोबर असून कळ्या काळ्या पडून गळत असतील तर वसंतातलं उशिराचं दहिवर (गोठलेलं दव) मारतंय असं समजायचं. आणि शेंडे आधारावर वळवताना वेलीच्या ओढीनंच गुंडाळायचे. वरून बघितलं तर चिनी जात घड्याळाच्या उलट दिशेनं वळते, जपानी जात घड्याळाच्या दिशेनं. उलटं गुंडाळलं तर ती सुटून येते.

आपल्याकडची जांभळी वेल

मी लावायला सांगते ती पेट्रिया. काही रोपवाटिकांत तिला नीलमणी म्हणतात. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली, पण उष्ण हवेची. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिला वीतभर लांबीचे जांभळे तुरे येतात, कधी पावसाळ्यात दुसऱ्यांदाही थोडे येतात. तुरा जवळून बघा. पाच पाकळ्यांची फिकट जांभळी चांदणी दिसते ते खरं तर फूल नाही, तो फुलाचा बाहेरचा भाग आहे. खरं फूल म्हणजे मधला गडद जांभळा छोटा ठिपका, तो दोन-चार दिवसांत गळतो. फिकट चांदणी मात्र कितीतरी दिवस टिकते, हळूहळू राखाडी होते आणि गरगर फिरत खाली येते. वेल लांबून अनेक दिवस फुललेली दिसते ती त्यामुळं. पान हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. रोप घेताना पानावर बोट फिरवा, गुळगुळीत लागलं तर ती पेट्रिया नाही.

दुसरी निवड लसूणवेल. पान चुरगाळलं की लसणाचा वास येतो, फुलं जांभळी उघडतात आणि दिवसागणिक फिकी होत जातात. पावसाळा संपता संपता चांगली बहरते. बोगनवेल आणि मधुमालती तर कुठंही येतात, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. पण घोसांचा तो लोंबता जांभळा मांडव पेट्रियाच देईल.

रोप घेताना उंचीला भुलू नका. पिशवीत पाच फूट वाढलेलं रोप बहुतेक वेळा आतून मुळांची गुंडाळी झालेलं असतं. पिशवीच्या बुडाकडं बघा. मुळं बाहेर येऊन जमिनीत गेली असतील तर उचलताना ती तुटणार. दोन-अडीच फुटांचं, पेन्सिलीएवढ्या खोडाचं, गुटी बांधून, म्हणजे वेलीवरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप घ्या. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलायला लागतं.

खड्डा

इथं मी जरा जास्त थांबते, कारण मराठवाड्यात वेली मरतात त्या बहुतेक खड्ड्यात मरतात.

दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या, शेणखत नि पोयटा भरा, रोप लावा, असं सगळीकडं सांगतात. गोदाकाठच्या, म्हणजे गंगाखेड-नांदेडकडच्या भारी काळ्या जमिनीत एवढंच केलं तर पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो. भोवतालची चिकणमाती पाणी सोडत नाही, आतली भुसभुशीत माती ते सगळं पिऊन बसते, आणि मुळं आठ-आठ दिवस पाण्यात. खाली मुरूम किंवा विटांचे तुकडे टाकूनही उपयोग नाही, कारण पाण्याला पुढं जायला वाट लागते.

म्हणून आधी पाण्याची चाचणी घ्या. खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी उभं असेल तर तिथं खड्ड्यात रोप लावू नका. जमीन फक्त फूटभर खोल उकरून सैल करा आणि वर नऊ इंच ते फूटभर उंचीचा, तीन फूट रुंदीचा मातीचा ढीग करून त्यावर लावा. शेतात हळद वरंब्यावर का लावतात ते ज्याला कळतं त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाणी जिरत असेल तर खड्डा घ्या, पण कुदळीनं त्याच्या भिंती खरवडून ओबडधोबड करा, आणि भरताना निम्मी माती त्याच जागेची ठेवा. उरलेल्या निम्म्यात पूर्ण कुजलेलं शेणखत, थोडी वाळू नाहीतर बारीक मुरूम आणि ओंजळभर निंबोळी पेंड.

बालाघाटाच्या अंगाला, म्हणजे अंबाजोगाई, पाटोदा, धाराशिवकडं, बरोबर उलटी गोष्ट आहे. वर वीतभर माती आणि खाली मुरूम. तिथं पाणी टिकतच नाही. तिथं खड्डा मोठा घ्या, तीन फुटांचा, आणि तळ्यातला गाळ मिळाला तर एक भाग मिसळा.

चुनखडी आहे का ते घरीच कळतं. कोरड्या मातीचं ढेकूळ घ्या, त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर चुना आहे. आणखी एक जागा तपासा, ती म्हणजे नव्या घराची भिंत. बांधकामाचं सिमेंट, प्लास्टरचे तुकडे तिथंच पुरलेले असतात आणि वेल आपण नेमकी भिंतीलाच लावतो. ते सगळं वेचून काढा आणि रोप भिंतीपासून दीड-दोन फूट दूर लावा. नक्की आकडे हवे असतील तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या.

जागा पूर्वेची किंवा आग्नेयेची सगळ्यात चांगली. पश्चिमेच्या पत्र्याजवळ लावू नका, मे महिन्यात त्याची धग वेलीला भाजून काढते. खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या आणि लागवड मृगाचा एखादा चांगला पाऊस पडल्यावर करा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावायचं, बुंध्याला माती चढवायची नाही.

आधार

पेट्रियाचं खोड पुढं मनगटाएवढं होतं, तेव्हा बांबूवर भागत नाही. लोखंडी अँगल किंवा पाईप आणि मध्ये जाडसर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार. गच्चीवर न्यायची असेल तर सांडपाण्याच्या नि पावसाच्या पाईपाला चढू देऊ नका. आपल्या उन्हात लोखंड एवढं तापतं की कोवळा शेंडा टेकला तिथं करपतो, म्हणून पहिली दोन वर्षं खालच्या पाईपाला काथ्याची दोरी गुंडाळा. बांधायला तार नको. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडा, खोड आणि आधार यांच्यामध्ये एक पीळ देऊन सैल बांधा. दर दिवाळीला सगळ्या गाठी बघून सैल करा. खोडात रुतलेली गाठ वरची फांदी सुकवते, आणि मग आपण रोग शोधत बसतो.

पाणी आणि खत

रोज संध्याकाळी पाईपनं बुंध्यावर शिंतोडे मारणं वेलीला फार वाईट. वरची दोन बोटं माती ओली, खाली कोरडी, आणि मुळं वरच येऊन बसतात. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांतून एकदा, पण आळं भरून द्या. द्यायच्या आधी मातीत बोट खुपसा. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर आजचं पाणी उद्यावर. बुंध्यापासून फूट-दीड फुटावर साधा भाजका, बिनरंगाचा माठ गळ्यापर्यंत पुरा, तो भरून ठेवा आणि झाकण घाला, वेल लागेल तसं पाणी घेते. आठवड्याला एक-दोन दिवसच बोअर चालणाऱ्या घरांना हा उपाय मी आवर्जून सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. असं वर्ष पुन्हा येणारच नाही असं धरून बाग करता येत नाही, म्हणून माठ आणि आच्छादन पहिल्या दिवसापासून.

आच्छादन म्हणजे सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळलेला पाला, जे मिळेल ते तीन-चार इंच. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं अक्षरशः तुटतात. आच्छादनानं भेगा थांबतात. मात्र बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

पाणी शुद्ध करायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी वेलीला घालू नका, त्यात बोअरपेक्षा जास्त क्षार असतात. भांडी विसळलेलं पाणी चालतं, पण साबणाचं पहिलं पाणी नको.

खत जूनमध्ये एकदा, दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. युरिया अजिबात नको. चुलीतली राख फुलझाडांना घालायची आपल्याकडं सवय आहे, पण राख मातीचा सामू आणखी वाढवते, चुनखडीच्या जमिनीत ती टाळा. पालाश द्यायचंच असेल तर सप्टेंबरमध्ये सल्फेट ऑफ पोटॅश, मूठभराहून कमी, आळ्यात पसरून.

जालन्याकडचे मोसंबीवाले आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण देतात. मोठ्या झालेल्या पेट्रियाला मीही तेव्हा पाणी कमी करते. पूर्ण तोडत नाही, पण आठवड्याचं पाणी पंधरवड्यावर नेते आणि तुऱ्यांचे कोंब दिसले की पुन्हा सुरू करते. नव्या रोपाला हे करायचं नाही.

छाटणी फुलं संपल्यावर. एप्रिलमध्ये फक्त वाळके तुरे आणि वाळक्या काड्या काढा, कारण मे महिन्यात उघडं पडलेलं खोड उन्हानं तडकतं. आकार द्यायची मोठी छाटणी पाऊस सुरू झाल्यावर करा. दसऱ्यानंतर कात्री लावू नका, तुम्ही कापाल तो शेंडा येत्या वसंतातला तुरा असतो. "ताई, वेल फुलत नाही," म्हणून येणाऱ्यांना मी पहिलं हेच विचारते, आणि बहुतेकांनी दिवाळीच्या साफसफाईत वेल छाटलेली असते.

पान पिवळं पडलं तर

लोक पिवळं पान पिशवीत घालून आणतात आणि म्हणतात, "फवारा सांगा." फवारा मी शेवटी सांगते. आधी विचारते, पिवळं पडलेलं पान शेंड्याचं की बुडाचं? आणि बुंध्याजवळची माती ओली की कोरडी? या दोन उत्तरांत निम्म्याहून जास्त दुखणी कळतात.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, नकाशावरच्या नद्या काढल्यासारख्या स्पष्ट दिसत असतील, तर लोहाची कमतरता. मराठवाड्यातलं हे सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळं मुळांना ते घेता येत नाही. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) आळ्यात टाकून काही होत नाही, ते मातीत गेलं की बसून जातं. हिराकस पानांवर फवारा. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड, ताजं कालवून, संध्याकाळी, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह घ्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं. ईडीटीए प्रकारचं लोह स्वस्त असतं, ते आपल्या सामूत टिकत नाही. गंधक टाकून चुनखडी जमिनीचा सामू खाली आणण्याच्या नादी लागू नका, चुना एवढा असतो की गंधक पुरत नाही. शेणखत आणि आच्छादन वर्षानुवर्षं देत राहणं हाच टिकाऊ उपाय.

लोहाची कमतरता कधी कधी नुसत्या जास्त पाण्यानंही दिसते. तुंबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, मग तीच पिवळी पानं. म्हणून मातीत बोट आधी.

बुडाची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट होत असतील तर नत्र कमी, शेणखत किंवा गांडूळखत द्या. बुडाच्याच पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. लिटरला पाच ते दहा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारलं की पुढची पानं सुधारतात. एखाद-दुसरं जुनं पान पिवळं होऊन गळणं हे मात्र दुखणं नव्हे, पेट्रिया तुरे येण्याच्या सुमाराला बरीच पानं टाकते. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका.

पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या आणि मातीवर पांढरा थर दिसतो, म्हणजे बोअरच्या पाण्याचा क्षार साचलाय. थर खरवडून फेका, आणि पावसाळ्यात छपराचं पाणी आळ्यात वळवा. चार-दोन मोठे पाऊस मुळांजवळचा क्षार खाली नेतात, फक्त पाणी खाली जायला वाट असली पाहिजे. थर नसताना मे महिन्यात कडा करपत असतील तर ते उष्ण वाऱ्याचं काम, हिरवी जाळी बांधा.

माती ओली आणि तरी वेल मान टाकून बसली, तर पाणी अजिबात देऊ नका. मुळं कुजताहेत. बुंध्याजवळची माती हातानं बाजूला करा आणि साल नखानं खरवडून बघा. आत हिरवं-पांढरं असेल तर आशा आहे. तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाची असेल तर कूज लागली. भोवती चर काढून पाणी बाहेर काढा, बुंधा दोन दिवस उघडा ठेवा, मग लिटरला अडीच-तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड कालवून बुंध्याभोवती ओता. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी किंवा परभणी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण चांगलं, पण तांबायुक्त औषधासोबत एकाच वेळी नको, पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. खरा उपयोग आधीच, लागवडीच्या वेळी शेणखतात मिसळून होतो.

आता एक असं दुखणं जे शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. नवी पानं अरुंद, वाटीसारखी वळलेली, शेंडे पिळवटलेले. लोक विषाणू समजून वेल उपटायला निघतात. आजूबाजूला ऊस किंवा ज्वारी असेल तर कुणी टू-फोर-डी मारलं का ते विचारा. हे तणनाशक वाऱ्यानं बरंच लांब येतं. त्याहून जास्त वेळा ते आपल्याच पंपातून येतं, वावरात तणनाशक मारलेला पंप विसळून घरच्या वेलीवर निमतेल फवारलं जातं. पंप कितीही धुतला तरी अंश राहतो. घरच्या झाडांना वेगळा छोटा पंप ठेवाच. अशी वेल उपटू नका. पाणी, आच्छादन चालू ठेवा, खत देऊ नका, पिळलेले शेंडे नवी सरळ पानं आल्यावर कापा. मार थोडा असेल तर ती सावरते.

किडी

पेट्रियाला कीड तशी कमी. पण पिठ्या ढेकूण आणि खवले कीड येते, आणि त्यांच्यामागं मुंग्या असतात. खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली असेल तर ती कुठं जाते ते डोळ्यांनी शेवटपर्यंत बघा. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसेल. त्या किडीचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि बदल्यात तिला राखतात. खालच्या पानांवर काळी बुरशी चढते तीही त्या चिकट्यावरच, काजळी पुसून उपयोग नाही, वरची कीड काढा. थोडी असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. जास्त असेल तर लिटरला पाच मिली निमतेल आणि थोडा पातळ साबण, पानाच्या खालून. खोडाला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर नको. मुंग्या वर जायच्या थांबल्या की कीड खाणारे किडे आपलं काम करतात.

मार्च ते मे लाल कोळी. पान धुरकट, बारीक ठिपक्यांचं दिसतं. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, चालणारे ठिपके दिसले तर तोच. सकाळी पाण्याच्या जोरदार धारेनं पानांची खालची बाजू धुवा, असं चार दिवसांआड करा. दुकानदार एखादं झणझणीत कीटकनाशक देईल, त्यातल्या बऱ्याच औषधांनी कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुप्पट वाढतो.

शेंड्यावरचा मावा बोटांनी चिरडा, नाहीतर निंबोळी अर्क. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवून ठेवा. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम बिया कुटून पुरचुंडीत बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. शिळा अर्क ठेवू नका.

वाळवी खोडावर मातीचे बोगदे करते. ते ब्रशनं झाडा आणि आच्छादन बुंध्यापासून लांब सारा. ती बहुतेक वाळलेली साल खाते, पण तहानलेल्या वेलीच्या जिवंत भागातही शिरते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात, त्या मुळं खातात. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या खत पसरताना दिसल्या तर वेचून काढा. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

एका वेलीच्या दोन

पेट्रियाची फाटे कलमं सहज लागत नाहीत, गुटी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये, हवेत ओलावा असताना, पेन्सिलीएवढी, गेल्या वर्षीची फांदी निवडा. डोळ्याच्या खाली इंचभर रुंदीची साल गोल काढा आणि आतला हिरवा चिकट थर चाकूच्या पाठीनं खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. वरच्या काठाला मुळं फुटायची पावडर लावा, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळकं शेवाळ) मूठभर बसवा, प्लॅस्टिकनं गुंडाळून दोन्ही टोकं आवळून बांधा. उन्हाची बाजू असेल तर वर कागद गुंडाळा. दोन-तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी व्हायला लागली, फाटे फुटले, मग गाठीच्या खाली कापा. निम्मी पानं काढून टाका, प्लॅस्टिक सोडा पण मॉस मुळांपासून ओढून काढू नका, तसंच पिशवीत लावा. महिनाभर दाट सावली, मग हलकं ऊन. हिवाळा आणि उन्हाळा ते पिशवीतच राहू द्या आणि पुढच्या मृगाच्या पावसावर जमिनीत घाला.